खारकच्छातील पोषकद्रव्यचक्र व कालवसंवर्धन

खारकच्छातील पोषकद्रव्यचक्र व कालवसंवर्धन : वाळूच्या दांड्यामुळे समुद्रापासून अलग पडलेल्या, परंतु अरुंद मुखाने त्याच्याशी जोडलेल्या उथळ जलाशयास खारकच्छ म्हणतात. भोवतालच्या जमिनीवरून येणारी नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे त्यात साठून राहतात. त्यांवर वनस्पतिप्लवक वाढतात आणि प्लवकांवर कालव, शिणाणे इ. द्विपुट मृदुकाय प्राणी पोसतात. साहजिकच अशी जागा कालवांच्या संवर्धनास सोयीची असते. तेथे किती कालवे वाढवावीत, हे ठरविण्यासाठी मात्र पोषकद्रव्यांचे चक्र गणिती प्रतिमानात मांडावे लागते.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेत बंदराजवळचे ‘एतां द तो’ हे अशा अभ्यासाचे उत्तम उदाहरण होय. त्याचे क्षेत्रफळ सु. ७५ चौ. किमी. व सरासरी खोली सु. ४ मी. असून सु. एक-पंचमांश भाग संवर्धनाखाली आहे. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी नगण्य असल्याने येथे पॅसिफिक कालवे सिमेंटने दोरांना चिकटवून मांडवांवरून कायमची पाण्यात टांगलेली असतात.

प्रतिमानात बहुधा नायट्रोजन हे हिशोबाचे माप धरतात. विरघळलेली संयुगे, प्लवक, मृत जैव पदार्थ, कालवे व तळाचा गाळ हे जणू निरनिराळे कप्पे मानून प्रत्येकातील आवक-जावक समीकरणांनी दर्शवितात. प्लवकांतील कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे सरासरी प्रमाण १०६ : १६ : १ (रेडफील्ड गुणोत्तर) असल्याने एकावरून दुसऱ्याचा अंदाज करता येतो. यातील खरी नाजूक बाब कालवांची आहे. एक प्रौढ कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळते. गाळलेल्या अन्नाचा काही भागच मांसात जातो. काही अमोनियाच्या रूपाने पाण्यात परततो व उरलेला विष्ठेच्या रूपाने तळाशी बसतो. म्हणजे कालव हे केवळ भक्षक नसून चक्राला गती देणारा घटक आहे. अमोनियामुळे प्लवकांना पुन्हा खत मिळते, तर गाळ कुजताना ऑक्सिजन खर्च होतो. ॲनी शापेल व त्यांचे सहकारी यांनी २००० साली या खारकच्छाचे जे प्रतिमान प्रसिद्ध केले, त्यात म्हणूनच नायट्रोजन, प्राथमिक उत्पादन व ऑक्सिजन यांचा एकत्र विचार केलेला आहे.

वार्षिक सरासरी समाधानकारक असूनही घात थोड्या दिवसांत होऊ शकतो. कडक उन्हाळ्यात वारा पडला की तळाचे पाणी ढवळले जात नाही. तेथील ऑक्सिजन संपतो, सल्फेटाचे क्षपण करणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात व पाणी दुधाळ दिसू लागते. स्थानिक बोलीत यास ‘मालेग’ म्हणजे वाईट पाणी म्हणतात. १९७५ च्या संकटात मोठी हानी झाली. पुढे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे लक्ष दिले गेले व फॉस्फरसाची आवक पुष्कळ घटली. तरीही १९९७, २००३ व २००६ साली ही आपत्ती उद्भवली. ऑगस्ट २०१८ मध्ये तर टांगलेले जवळजवळ सर्व शिणाणे व सु. एक-तृतीयांश कालवे नष्ट झाली. पाठोपाठ त्याच शरदात पिकोक्लोरम या अतिसूक्ष्म शैवलाने पाणी हिरवे झाले. त्याच्या पेशी कालवांच्या कल्ल्यांत नीट अडकत नसल्याने पाण्यात शैवल भरपूर असूनही कालवांची वाढ खुंटली. प्लवकांचे केवळ एकूण वजन मोजणाऱ्या प्रतिमानास हा प्रसंग उकलता येणार नाही; पेशींचे आकारमानही हिशोबात घ्यावे लागते.

पोषकद्रव्ये कमी केली की पाणी सुधारते, पण कालवांचे अन्नही घटते. त्यामुळे येथील कालवउत्पादक व जलशुद्धीकरणाचे नियोजक यांचे हित नेहमी एकच असते असे नाही. अशा प्रतिमानातील स्थिरांक दुसरीकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. कोकणच्या खाड्यांत भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा पाण्याची देवघेव होते. तेथील कालवे वा तिसऱ्या यांच्यासाठी हिशोब मांडताना समुद्राशी होणाऱ्या या देवघेवीचे पदच सर्वांत प्रभावी ठरेल.