‘साहस’ : एके काळचा गुन्हा, आजचा गौरव

भोर : पावसाळा सुरू झाला, की राजगड, तोरणा आणि रायरेश्वराच्या वाटा गजबजतात. साहसी सहल, साहसी शिबिर, साहसी खेळ अशा जाहिरातींतून ‘साहस’ हा शब्द सर्वत्र दिसू लागतो. आज गौरवाचा वाटणारा हा शब्द प्राचीन न्यायव्यवहारात मात्र एका गुन्ह्याचे नाव होता.

‘साहस’ हा शब्द ‘सहस्’ या संस्कृत शब्दापासून बनला आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘सह्’ धातूला मात करणे आणि सोसणे, असे दोन्ही अर्थ आहेत. ‘सहन’, ‘सहिष्णू’, ‘असह्य’ हे शब्द त्याच कुळातले.

बळाच्या जोरावर केलेले कृत्य ते साहस. त्यामुळेच मनुस्मृतीने वादाच्या अठरा विषयांत साहसाची गणना केली. मालकाच्या देखत बळजबरीने वस्तू हिरावणे म्हणजे साहस आणि त्याच्या अपरोक्ष ती नेणे म्हणजे चोरी, असा भेद कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळतो. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशी नावे होती. मनुस्मृतीनुसार हे दंड अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० पण इतके होते. अविचाराने केलेली कृती, हा अर्थही या शब्दाला जुनाच आहे. ‘साहस करू नकोस’ असे आपण बजावतो, तेव्हा तोच अर्थ डोकावतो.

इंग्रजीतील ‘अ‍ॅडव्हेंचर’ची वाट वेगळी आहे. ‘येऊन ठेपणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो शब्द आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ योगायोग किंवा नशीब असा होता. तेथे प्रसंग माणसावर येतो. ‘साहसा’त माणूस स्वतःचे बळ पणाला लावतो.

या शब्दाच्या दोन्ही बाजू भोरच्या इतिहासात दिसतात. सन १६४६ च्या सुमारास शिवरायांनी तोरणा घेतला, ते मात करण्याचे साहस. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत शत्रूला थोपवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे याच भोर तालुक्यातील शिंद गावचे. त्यांचे साहस सोसण्याचे, जागा न सोडण्याचे होते. दोन्हींमागे हेतू होता आणि विचारही.

आज हे भान विशेष महत्त्वाचे आहे. वेल्हे म्हणजेच आताच्या राजगड तालुक्यातील तोरणा १,४०० मीटरहून उंच आहे, तर राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण खडी आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घातल्या. तरीही निसरड्या कातळावर पुढे जायचे की मागे फिरायचे, हे अखेर चढणाऱ्यालाच ठरवावे लागते. धुके दाटल्यावर माघारी वळणाऱ्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही. संयम हाही ‘सह्’ धातूचाच वारसा आहे.