विश्लेषण : बांधावरचे झाड कापले, पण फळ्या का उलतात? घरच्या लाकडाची सुकवणी कशी करावी?

चाळीस वर्षे बांधावर उभे असलेले सागाचे झाड नव्या घराच्या दारांसाठी कापले जाते. ओंडका आरा गिरणीत चिरून फळ्या ट्रॉलीतून घरी येतात आणि लवकर वाळाव्यात म्हणून अंगणात उन्हात पसरल्या जातात. महिनाभरात टोकांना चिरा पडतात, रुंद फळ्या पन्हाळीसारख्या वाकतात आणि सुतार म्हणतो, ‘यातले निम्मेच लाकूड कामाचे.’ बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावांत हा अनुभव नवा नाही. झाड पुन्हा वाढायला एक पिढी लागते. त्यामुळे नुकसान केवळ पैशांचे नसते. बहुतेक वेळा दोष लाकडाचा नसून सुकवण्याच्या घाईचा असतो.

लाकडातले पाणी नेमके कुठे असते?

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळीत साठलेले मोकळे पाणी आधी निघून जाते. ते जाताना फळीचे वजन घटते, पण आकार सहसा बदलत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आला की पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते. लाकूड आकसायला सुरुवात होते ती इथून. ओलाव्याची ही टक्केवारी लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजतात. १६० ग्रॅमचा तुकडा पूर्ण वाळून १०० ग्रॅम भरला, तर त्यात ६० टक्के ओलावा होता.

लाकूड शून्यापर्यंत कधीच वाळत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते सुमारे १२ टक्क्यांवर थांबते. आर्द्रता ३० टक्के असेल तर सुमारे ६ टक्क्यांवर, आणि ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्क्यांवर. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात फट दिसते, त्याचे कारण हेच.

फळी वाकते आणि उलते ती का?

लाकूड तिन्ही दिशांना सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळपास आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने होणारे आकसणे मात्र गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. साग तुलनेने कमी आकसतो. तरीही ओंडक्याच्या बाजूने सरळ चिरलेली दहा इंच रुंद सागाची फळी ३० टक्के ओलाव्यावरून १० टक्क्यांवर येताना रुंदीत सुमारे एक सेंटिमीटर कमी होते. फळीची सालीकडची बाजू जास्त आकसते, म्हणून ती पन्हाळीसारखी वाकते. रेषा तिरक्या किंवा गुंतलेल्या असतील तर तिला पीळ पडतो.

चिरा पडण्यामागे वेगाचा फरक असतो. लाकडातून पाणी रेषांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते. म्हणून टोके आधी वाळतात आणि आकसू पाहतात, पण मधला ओला भाग त्यांना आकसू देत नाही. या ताणात टोक फाटते. कडक उन्हात पृष्ठभागाचेही तसेच होते. वरचा थर वाळून ताठ होतो, आत ओल राहते. पुढे आतला भाग आकसू लागला की फळी वरून चांगली दिसत असतानाही आतून तडकते.

झाड कधी कापावे?

देऊळघाटचा परिसर अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा अतिशय कोरडी आणि तप्त असते, तर जूनपासून चार महिने दमट. या दोन्ही टोकांना नुकतेच चिरलेले लाकूड सापडू देऊ नये. दिवाळीनंतर कापणी आणि डिसेंबरपर्यंत चिराई हे वेळापत्रक सोयीचे. थंडीत लाकूड सावकाश वाळते आणि सुरुवातीचा नाजूक काळ ऊन तापण्याआधी निघून जातो. मार्चमध्ये कापून लगेच चिरलेल्या फळ्यांना मात्र पहिल्याच आठवड्यांत उन्हाळी वारा लागतो.

आरा गिरणीत काय सांगावे?

- ओंडका महिनोन्‌महिने उन्हात पडू देऊ नये. चिराईला वेळ असेल तर साल तशीच ठेवून ओंडका सावलीत, जमिनीपासून वर ठेवावा.
- कापल्याबरोबर दोन्ही टोकांना डांबर, मेण किंवा जाड ऑइलपेंटचा लेप द्यावा. चीर पडल्यानंतर लावलेल्या लेपाचा उपयोग नाही.
- मधोमधचा गाभा फळीत येऊ देऊ नये. गाभा धरून काढलेली फळी हमखास उलते.
- जाडी आणि रुंदीत आकसणे व रंधा यांसाठी वाढ ठेवावी. लांबीतही टोके छाटण्यापुरती जादा फळी घ्यावी.
- एका थप्पीतील फळ्या एकाच जाडीच्या असाव्यात.

थप्पी कशी रचावी?

जागा सावलीची, पण हवा खेळती हवी. गोठ्याची उघडी पडवी किंवा पत्र्याची शेड चालते. बंद खोली नको. विटांच्या किंवा सिमेंट ब्लॉकच्या रांगांवर थप्पी जमिनीपासून किमान एक ते दीड फूट उंच घ्यावी. त्यामुळे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. पाया एका पातळीत नसेल तर तळाची फळी त्याच वाकड्या आकारात वाळते.

दोन थरांमध्ये साधारण एक इंच जाडीच्या, वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर ठेवाव्यात. खालपासून वरपर्यंत पट्ट्या एकाच उभ्या रेषेत हव्यात. पट्टी सरकली की वजन फळीच्या मोकळ्या भागावर येते आणि तिथे बाक पडतो. शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी असावी. ओल्या काठ्या पट्ट्या म्हणून वापरल्यास फळीवर डाग आणि बुरशी येते. सर्वांत वर दगड किंवा विटांचे वजन सारखे पसरून ठेवावे आणि त्यावर उतार देऊन पत्रे टाकावेत. प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी गुंडाळू नये. आत वाफ कोंडते.

मार्चअखेरपासून गरम वारा येणाऱ्या बाजूला शेडनेट, गोणपाट किंवा तट्ट्या बांधाव्यात. वारा थांबवायचा नसून त्याचा जोर कमी करायचा असतो.

कोणत्या लाकडाला किती जपावे?

साग सांभाळून वाळवला तर फारसा त्रास देत नाही. बाभूळ जड आणि घट्ट असते. तिला घाई सोसत नाही, म्हणून सावली व टोकांचा लेप आवश्यकच. कडुनिंबाच्या रेषा गुंतलेल्या असल्याने पीळ पडण्याचा धोका असतो. पट्ट्या जवळ आणि वर वजन जास्त हवे. आंबा लवकर वाळतो, पण त्याला डाग आणि भुंगा तितक्याच लवकर लागतो. त्याची चिराई लांबवू नये आणि थप्पीत हवा भरपूर असावी.

भुंग्याला लाकडातील पिष्ट हवे असते आणि ते सालीलगतच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात अधिक असते. ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत हे पिष्ट बरेच निघून जाते. चौकटीसारख्या कामात कच्चा भाग टाळावा किंवा त्याला बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया करावी.

फळी तयार झाली हे कसे ओळखावे?

‘इंचाला एक वर्ष’ हा प्रचलित ठोकताळा सर्वत्र सारखा लागू होत नाही. आपल्याकडच्या कोरड्या महिन्यांत एक इंची फळी त्याआधीही तयार होऊ शकते. जाडी दुप्पट झाली की वेळ मात्र दुपटीहून अधिक लागतो. खात्रीचा उपाय म्हणजे वजन. थप्पीतून सहज काढता येईल अशा एका फळीवर खूण करून तिचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवावे. चिराईच्या वेळी १६ किलोची, ६० टक्के ओलाव्याची फळी ११.२ किलोवर आली की तिचा ओलावा १२ टक्के झाला. सुरुवातीचा ओलावा ठाऊक नसेल तर वजन घटायचे थांबेपर्यंत वाट पाहावी. मात्र हे पावसाळ्यात पाहू नये. तेव्हा दमट हवेमुळेही घट थांबते. सुताराकडे ओलावामापक असेल तर फळीच्या मध्यभागी मोजावे, टोकाला नाही.

भारतीय मानक ‘आयएस २८७’ हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करून कोणत्या कामाला किती ओलाव्याचे लाकूड चालेल हे सांगते. दारे-खिडक्यांसाठी ही मर्यादा साधारण ८ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान आहे. सुकवण्याच्या पद्धतींसाठी ‘आयएस ११४१’ हे वेगळे मानक आहे.

झाड स्वतःचे असले तरी परवानगी लागते?

सागासारख्या अनुसूचित झाडांसाठी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार अशी झाडे खासगी जमिनीवर असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक आहे. लाकूड गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो का, हेही वन विभागाच्या कार्यालयात आधीच विचारावे. कागदपत्रांना लागणारा वेळ धरून अर्ज पावसाळ्यातच केला, तर दिवाळीनंतरचा कापणीचा हंगाम साधता येतो.

बिघडलेली फळी वाचते का?

टोकाची चीर जिथे संपते त्याच्या थोडे पुढे फळी छाटली तर उरलेला भाग वापरता येतो. पन्हाळीसारखी वाकलेली रुंद फळी उभी चिरून दोन-तीन अरुंद पट्ट्या कराव्यात आणि त्या जोडाव्यात. बाक वाटला जातो. पीळ पडलेली फळी लांब कामासाठी घेऊ नये, तिचे लहान तुकडे पाट, चौरंग किंवा खुंट्यांसाठी वापरावेत. आतून तडकलेले लाकूड मात्र वजन पेलणाऱ्या कामात वापरू नये. लाकूड तयार झाल्यावरही ते दोन-तीन आठवडे बसवायच्या घरातच पट्ट्या घालून ठेवावे आणि त्यानंतरच सुताराने रंधा हातात घ्यावा.