पलटण गेली, मोहल्ले राहिले

कुरुंद्याहून जिल्ह्याच्या कामाला हिंगोलीला गेलो की रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही नावे आपण सहज घेतो. १८१९ ते १९०३ इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाची, हुकूम इंग्रज अंमलदारांचा. जवळ कयाधूचे पाणी, उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे वऱ्हाड. मुलखाच्या या टोकावर घोडदळ ठेवणे सोयीचे होते. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा सरहद्द झाली.

छावणी उठली, पण पेन्शनपुरा हे नावच सांगते की नोकरी संपलेले शिपाई इथेच राहिले. घरातल्या बुजुर्गांना पणजोबांची पलटण आठवते का, आजच विचारा आणि लिहून ठेवा.