चावी कुणाच्या हातात?

एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकली की कुंडल-पलूस भागातल्या द्राक्षबागांत छोटे ट्रॅक्टर फिरू लागतात. ऑक्टोबर छाटणीला पुन्हा तेच. पूर्वी हे ट्रॅक्टर बागायतदाराच्याच दारात असायचे, आता बचत गटांच्या नावावरही येऊ लागलेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध महिलांच्या गटांना सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे मिळतात. साडेतीन लाखांपर्यंतच्या खरेदीत 10 टक्के गटाने भरायचे आणि 3 लाख 15 हजारांपर्यंत अनुदान. डिझेल, भाडे, ड्रायव्हरची हजेरी याचा हिशेब आपण चोख ठेवतो. आज बोलायचे आहे ते ट्रॅक्टरच्या मागच्या रोटरबद्दल.

लोखंडी अवजार आपल्या भागाला नवे नाही. शेजारी किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला, तेव्हा ते स्टेशन कुंडल रोड म्हणून ओळखले जायचे. तिथला लोखंडी नांगर गावोगाव गेला. पण बैल थांबले की नांगर थांबायचा. रोटर तसा थांबत नाही. ट्रॅक्टर जागेवर उभा असला तरी त्याची पाती फिरत राहू शकतात, आणि बहुतेक घात इथेच होतो.

ट्रॅक्टरच्या मागून जो दांडा रोटरला फिरवतो, त्याला पीटीओ शाफ्ट म्हणतात. तो मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. तीन इंच जाडीच्या दांड्याभोवती पदराचे टोक अडकले, तर एका सेकंदात सात फूट कापड गुंडाळले जाते. आपली पाचवारी सगळी मिळून अठरा फुटांच्या आसपास. ओरडायला तोंड उघडेपर्यंत बाई दांड्यापाशी ओढली गेलेली असते. म्हणून त्या दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कव्हर शोभेचे नाही. ते फुटले असेल तर नवे बसवेपर्यंत ट्रॅक्टर भाड्याने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रानात आपण साडीवर शर्ट घालतोच. त्याची बटणे लावा, पदर आत खोचा, डोक्याच्या टॉवेलची टोके मोकळी सोडू नका. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. बागेत रोटर चालताना ठिबकची नळी, बांधणीची सुतळी, हरळी पात्यांत गुंतते. ड्रायव्हर वर बसून राहतो आणि खाली काढायला बोलावतो बाईला. वरच्याला खालचे दिसत नाही, खालचीला वरच्याचा पाय दिसत नाही. क्लचवरून पाय सटकला, गिअरच्या दांडीला धक्का लागला, की झाले. यावर उपाय एकच. ड्रायव्हरने पीटीओची दांडी बंद करायची, रोटर जमिनीवर टेकवायचा, हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचे आणि खाली उतरायचे. मग ज्या बाईला पात्यात हात घालायचा आहे, तिने चावी आपल्या हातात घ्यायची. ड्रायव्हरच्या खिशात नाही, ट्रॅक्टरला लटकलेली तर नाहीच. बऱ्याच डिझेल गाड्या नुसती चावी फिरवून बंद होत नाहीत, स्टॉपची दांडी ओढावी लागते. तेव्हा आवाज पूर्ण थांबला का, पाती थांबली का, हे डोळ्यांनी बघा आणि मगच वाका. पाती बदलताना रोटर वर उचलावा लागतो, त्या वेळी खाली लाकडी ठोकळे द्या. हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याच्याखाली हात घालू नका.

“एवढ्यासाठी कशाला बंद करताय, डिझेल जातंय,” असे ड्रायव्हर म्हणणारच. पोरगा गावातलाच, कुणाचा तरी भाचा, त्याला तोडून बोलायला संकोच वाटतो. पण ट्रॅक्टर गटाचा आहे. अध्यक्षांनी त्याला कामावर घेतानाच चार जणींसमोर हे सांगावे, म्हणजे रानात एकटीला भांडावे लागत नाही.

मडगार्डवर बसून जायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. पोराला मांडीवर घेऊनही बसतात. ट्रॅक्टरला बैठक एकच असते, ती चालवणाऱ्याची. तिथून तोल गेला तर माणूस मागच्या चाकाखाली जातो, आणि चाकाच्या मागे लगेच रोटर आहे.

ओळीच्या टोकाला वळताना रोटर उचलून बंद करायचा आणि मागे माणूस नाही हे बघूनच रिव्हर्स घ्यायचा. चर किंवा पाट जितका खोल, निदान तितके अंतर त्याच्या काठापासून ठेवा, ओल्या रानात त्याहून जास्त. बागेत वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर येण्याआधी ते दोन्ही कडीने जोडून घ्या, नाहीतर एकावरच पाय पडून ट्रॅक्टर आडवा होतो.

आता भरपाईचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख आणि एक हात किंवा पाय गेला तर 1 लाख मिळतात. पण ती सातबारावरचा शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. ज्या घराला जमीनच नाही, तिथली मजुरीला आलेली बाई त्यात बसत नाही, आणि पात्यात हात घालायला बहुतेक तिलाच सांगितले जाते. तिच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाल्यास 1 लाख. नुसते एखादे बोट गेले तर त्यात काही मिळत नाही. हा विमा 1 जून ते 31 मे असा चालतो. मे महिन्यात खात्यात 20 रुपये नसले की तो बंद पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी पासबुक भरून आणा. यंदाचे 20 रुपये कापले गेलेत का, ते एकेकीचे बघून घेऊ.