जुन्या गाडीचा पडदा आणि नवे अ‍ॅप: इंजिनाची माहिती नेमकी कुठून घ्यावी?

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत दहा-बारा वर्षांची एखादी गाडी असते. इंजिन उत्तम असते, हप्ते केव्हाच फिटलेले असतात. मुलगी गाडी चालवायला शिकते तेव्हा तीच तिच्या हाती येते किंवा शिक्षणासाठी नुकताच आलेला भाचा ती चालवू लागतो. इंजिनाचे तापमान, मिनिटाला होणारे फेरे, इंधनाचा खप, शून्यापासून ताशी ६० मैल वेग गाठण्यास लागलेला वेळ अशी माहिती पाहण्याच्या हौसेने फोनवर एखादे अ‍ॅप घेतले जाते. फोन केबलने गाडीला जोडला जातो आणि डॅशबोर्डवरच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. मग अ‍ॅप निकामी ठरवले जाते, नाहीतर गाडी कालबाह्य झाली असे मानून नव्या गाडीचा विचार सुरू होतो. बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. अ‍ॅपही ठीक असते आणि गाडीही. माहिती मात्र चुकीच्या जागी मागितलेली असते.

पडद्याचे काम वेगळे, इंजिनाचे वेगळे

इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक आणि रेडिओ, नकाशे, फोन सांभाळणारी इन्फोटेनमेंट यंत्रणा हे गाडीतील दोन स्वतंत्र विभाग आहेत. त्यांच्यामध्ये बहुधा एक मध्यस्थ संगणक असतो आणि तो इंजिनाकडील मोजकीच माहिती पडद्याकडे जाऊ देतो. पडद्यावर काय दिसावे, हे गाडी तयार होतानाच ठरलेले असते. त्यामुळे आपला पडदा कितीही मोठा असला, तरी इंजिनाचे तापमान त्याच्यापर्यंत पोहोचतच नसेल, तर कोणतेही अ‍ॅप ते त्याच्याकडून मिळवू शकत नाही.

अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांच्याबाबत हाच गैरसमज अधिक आढळतो. कारप्ले २०१४ मध्ये जाहीर झाले. अँड्रॉइड ऑटोही त्याच वर्षी जाहीर होऊन २०१५ मध्ये वापरात आले. या दोन्ही व्यवस्थांत चित्र फोन तयार करतो आणि गाडीचा पडदा ते केवळ दाखवतो. कोणत्या प्रकारच्या अ‍ॅप्सना तेथे प्रवेश द्यायचा, हेही त्या कंपन्याच ठरवतात. नकाशे, संगीत, संदेश, चार्जिंग यांना जागा मिळते. परंतु इंजिनातील सेन्सरांचे आकडे फोनवरील कोणत्याही अ‍ॅपला आपोआप मिळावेत, अशी सोय या जोडणीत नाही.

पडद्याशी बांधलेली अ‍ॅप्स अल्पायुषी का ठरली

२०१० नंतरच्या काही वर्षांत अनेक उत्पादकांनी फोन आणि पडदा जोडण्याच्या आपापल्या पद्धती काढल्या. प्रत्येक पद्धत फोन, त्याची प्रणाली, केबल, गाडीतील सॉफ्टवेअर आणि उत्पादकाचा सर्व्हर अशा अनेक दुव्यांवर उभी होती. त्यांतील एक दुवा तुटला की सारेच बंद पडे. आयफोनचे रुंद ३० पिनांचे सॉकेट २०१२ मध्ये बदलले आणि जुन्या गाड्यांतील केबल व खोबणी निरुपयोगी झाल्या. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटची जुनी अ‍ॅप्स चालवणे थांबवले. ज्या अ‍ॅप्सची नवी आवृत्ती निघाली नाही, ती त्या दिवशी संपली. मिररलिंक ही अनेक कंपन्यांनी मिळून पुढे आणलेली पद्धत होती. सॅमसंगने २०२० मध्ये तिचा पाठिंबा काढून घेतला. अमेरिकेतील ३जी सेवा २०२२ मध्ये बंद झाल्या, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेल्या गाड्यांचा उत्पादकाशी असलेला संपर्कही तुटला. या चारही प्रसंगांत गाडीच्या इंजिनात काहीच बिघडले नव्हते.

याउलट, २०१५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आलेला परफॉर्मन्स डेटा रेकॉर्डर पाहावा. कॉसवर्थच्या साहाय्याने तयार झालेली ही सोय कॅमेऱ्याचे चित्र आणि गाडीचे आकडे एकत्र करून एसडी कार्डावर साठवते. फोन बदलला, नेटवर्क बदलले, तरी नोंद करण्याचे काम थांबत नाही. माहितीचा मार्ग जितका छोटा, तितके त्या सोयीचे आयुष्य मोठे.

स्टीअरिंगखालचे सॉकेट

असा छोटा मार्ग बहुतेक प्रत्येक जुन्या गाडीत उपलब्ध आहे. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारी व हलक्या ट्रकांना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था बंधनकारक आहे. युरोपात तशीच अट पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून लागू झाली. प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी केलेल्या या नियमामुळे चालकासमोरील डॅशबोर्डखाली १६ पिनांचे एकसारखे सॉकेट आले आणि काही मूलभूत आकडे विचारण्याची एक समान पद्धत ठरली. पडद्याने कोणती भाषा बोलावी, याबाबत कायदा मौन बाळगतो. या सॉकेटाने कोणती भाषा बोलावी, हे मात्र तो सांगतो. म्हणूनच २००२ ची साधी सेडान, जिच्यात पडदाच नाही, तीसुद्धा आजच्या फोनवरील अ‍ॅपशी बोलू शकते.

जुन्या गाड्यांत त्या भाषेच्या काही बोली आहेत. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून कॅन ही एकच पद्धत सक्तीची झाली. त्याआधी फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या दोन निरनिराळ्या पद्धती होत्या, तर क्रायस्लर आणि बहुतेक युरोपीय व आशियाई उत्पादकांची तिसरी. सॉकेटात डोकावले तरी याचा अंदाज येतो. ६ व १४ क्रमांकांच्या जागी धातूच्या पट्ट्या असतील, तर बहुधा कॅन. केवळ ७ क्रमांकाची असेल, तर जुनी आयएसओ पद्धत. २ क्रमांकाची असेल, तर फोर्ड किंवा जनरल मोटर्स यांची. अ‍ॅडॅप्टर घेताना तो या सर्व पद्धती जाणतो का, हे पाहणे अगत्याचे आहे. ईएलएम३२७ या चिपच्या स्वस्त नकला बाजारात विपुल आहेत आणि त्यांतील अनेकींमध्ये जुन्या पद्धती गाळलेल्या असतात. ‘माझ्या गाडीला हे अ‍ॅप चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा अशी एखादी नक्कलच असते.

फोनकडील अडचणी

अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर चालतो. आयफोनला जुन्या धाटणीचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर सहसा चालत नाही. त्यासाठी कमी ऊर्जेचा ब्लूटूथ, अ‍ॅपलची मान्यता असलेला अ‍ॅडॅप्टर किंवा वायफाय अ‍ॅडॅप्टर लागतो. वायफायची निवड करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिनतारी कारप्लेही वायफायचाच वापर करते. त्यामुळे नवा रेडिओ बसवून बिनतारी कारप्ले चालवणाऱ्याने वायफाय अ‍ॅडॅप्टर लावला, तर दोहोंपैकी एकालाच फोन मिळतो. अशा ठिकाणी ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरच बरा.

आकडे किती खरे मानावेत

जोडणी झाली, काटे हलू लागले, म्हणजे प्रत्येक आकडा खरा असे नव्हे. जुन्या पद्धतींतील दोघींचा वेग सेकंदाला सुमारे १०,४०० बिट इतकाच आहे. आजच्या कॅनचा वेग सहसा ५ लाख बिट असतो. शिवाय अ‍ॅपला प्रत्येक आकडा वेगळा विचारावा लागतो. समजा, गाडी सेकंदाला पाच उत्तरे देते आणि आपण पडद्यावर दहा काटे मांडले आहेत. मग प्रत्येक काटा दोन सेकंदांनी एकदा ताजा होईल. ताशी ६० मैल वेगाने गाडी तेवढ्यात १७६ फूट पुढे गेलेली असते. जुन्या गाडीत दोन-तीनच काटे ठेवावेत, हा सल्ला या गणितातून येतो.

वेगाचा प्रमाणित आकडा तर केवळ पूर्ण किलोमीटरमध्ये मिळतो. ताशी ६० मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर, गाडी मात्र ९६ सांगते किंवा ९७. शून्य ते साठचा वेळ दशांश सेकंदापर्यंत दाखवणारे अ‍ॅप मधली जागा अंदाजाने भरत असते. यासाठी रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर यांसारखी अ‍ॅप्स जीपीएसचा आधार घेतात. फोनमधील जीपीएस मात्र सर्वसाधारणपणे सेकंदाला एकदाच स्थान सांगते. ट्रॅकवर जाणारे लोक सेकंदाला १० किंवा अधिक वेळा स्थान नोंदवणारा स्वतंत्र जीपीएस घेतात, त्याचे कारण हेच.

इंधनाच्या खपाचा आकडाही असाच मिळवलेला असतो. इंजिनात शिरणारी हवा मोजणारा सेन्सर असेल, तर १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणावरून हिशेब होतो. तो सेन्सर नसलेल्या गाड्यांत अ‍ॅप दाब, तापमान आणि इंजिनाचा आकार यांवरून तर्क करते आणि पंपावरच्या पावतीशी तो जुळवून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सच्या तेलाचे किंवा हायब्रिड बॅटरीचे तापमान बहुतेक गाड्यांत उत्पादकाच्या खासगी संकेतांत असते. ते दिसेल की नाही, हे अ‍ॅपमध्ये त्या मॉडेलची माहिती आहे का, यावर ठरते.

पडदा बदलावा का?

नकाशे आणि फोन यांसाठी पडदा बदलणे समजू शकते. मात्र केवळ इंजिनाच्या आकड्यांसाठी नवा रेडिओ घेणे व्यर्थ आहे, कारण कारप्ले आले तरी ते आकडे आपोआप येत नाहीत. गाडीच्या माहितीशी सांधणारे वेगळे मॉड्यूल लावले, तर काही रेडिओंवर काटे दिसतात. त्यासाठी आपले मॉडेल त्या मॉड्यूलच्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. ज्या गाड्यांत वातानुकूलन आणि मागचा कॅमेरा मूळ पडद्याशी बांधलेले आहेत, तेथे अधिक सावध राहावे.

सुरक्षितता, खरेदी आणि तपासणी

जुन्या गाडीचे सॉकेट मोकळे असते, ही तिची सोय आहे आणि जोखीमही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी दुरून एका जीपचा ताबा घेऊन दाखवला आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी विम्यासाठी सॉकेटात लावलेल्या उपकरणाला मोबाइल संदेश पाठवून एका कॉर्व्हेटचे ब्रेक हाताळून दाखवले. नंतरच्या अनेक गाड्यांत म्हणूनच कुलूपबंद मध्यस्थ संगणक आले. जुन्या गाडीत ते कुलूप नाही. तेव्हा अ‍ॅडॅप्टर काम झाल्यावर काढून ठेवावा. १६ क्रमांकाच्या पिनेला गाडी बंद असतानाही वीज मिळते. अ‍ॅडॅप्टर लावलेलाच राहिला आणि गाडी महिनाभर उभी राहिली, तर भारतातून परतल्यावर बॅटरी उतरलेली सापडू शकते.

या छोट्या उपकरणाचा सर्वांत मोठा उपयोग वेग मोजण्यात नसून जुनी गाडी विकत घेताना आहे. विक्रेत्याने चेक इंजिनचा दिवा आदल्या दिवशी पुसून टाकला असेल, तर डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. गाडीच्या अंतर्गत चाचण्या मात्र तेव्हा अपूर्ण असतात आणि अ‍ॅप ते सांगते. साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत काही दोषांची कायमस्वरूपी नोंदही राहते. ती उपकरणाने पुसता येत नाही. कॅलिफोर्नियातील स्मॉग तपासणीत २००० आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांचे हेच सॉकेट वाचले जाते आणि अपूर्ण चाचण्यांमुळे गाडी नापास होते. म्हणून तपासणीच्या तोंडावर आपणही दिवा पुसण्याचा मोह टाळावा.

शेवटी, गाडी चालवत असताना आकड्यांकडे पाहू नये. अ‍ॅपला नोंद करू द्यावी आणि घरी आल्यावर ती वाचावी. पडदा अंधारात राहिला म्हणून त्यात काही उणे नाही. गाडी विकायची की ठेवायची, हा निर्णय पडद्याचे वय पाहून घेण्यापेक्षा सॉकेटातून मिळणारी इंजिनाची नोंद पाहून घ्यावा.