माळ्यावरचे आकाशयान

आमच्या घरात एक आकाशयान आहे, असे सांगितले तर आपण हसाल. पण आहे खरे! गेली कित्येक वर्षे ते माळ्यावर, पितळी पातेल्यांच्या शेजारी, बंद खोक्यात मुक्काम ठोकून होते.

2017 च्या अखेरीस कामानिमित्त जपानला गेलो होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांदाई कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाचा मोठा संच बाजारात आणला होता. किंमत 40,000 येन, वर कर निराळा! सौभाग्यवतींनी फोनवरच विचारले, ‘‘अहो, एवढ्या पैशांत प्लास्टिक आणताय?’’

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याचा हात जरा स्थिर होऊ दे, मग दोघे मिळून जोडू, असे मी ठरवले. पुढे मला बढती मिळाली, त्याच्या शिकवण्या आल्या, परीक्षा आल्या. खोका राहिला तो राहिलाच. त्यातच एका जाणकार स्नेह्याने बजावले, ‘‘उघडू नका हो. बंद खोक्याला पुढे मोल येते.’’

यंदा पणत्या काढायला चिरंजीव माळ्यावर चढले आणि वरूनच म्हणाले, ‘‘बाबा, हे विकून टाकायचे का? जूनमध्ये मी तर वसतिगृहात जाणार.’’

त्या ‘जून’ने मी चपापलो. म्हटले, ‘‘खाली घे.’’

झाकण उचलले. आत पिशव्यांतून प्लास्टिकच्या चौकटींची चळतच्या चळत! वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात जोराने दाबून भरतात. ते ज्या वाटांनी आत शिरते, त्या वाटांतही ते थिजते आणि त्याचीच ही चौकट होते. फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे सुटे भाग तिला देठांनी चिकटलेले असतात. भाग मुळातच रंगीत, आणि एकमेकांत दाबून बसणारे. चिकटवायला काही लागत नाही. इंजिने उजळावीत म्हणून इवलेसे दिवेही दिलेले. प्रमाण 1:72. कथेतले यान सुमारे 35 मीटर लांब, म्हणून हे 48 सेंटिमीटर भरते. आणि सहा फुटी माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा!

पृष्ठभागावर नळ्या, झडपा, खाचा यांची नुसती दाटी. तिची हकीकत मोठी गमतीची आहे. 1977 च्या पहिल्या चित्रपटासाठी कारागिरांनी सुमारे पाच फुटांचे यान बनवले. ते खरे वाटावे म्हणून त्यांनी बाजारातले रणगाड्यांचे, विमानांचे खेळण्यातले संच आणून त्यांचे तुकडे त्यावर जागोजाग चिकटवले. यान इतके जड झाले की 1980 च्या पुढल्या चित्रपटासाठी 32 इंचांचे धाकटे भावंड करावे लागले. आमचा संच त्या थोरल्यावरून बेतलेला. म्हणजे खेळण्यांतून यान झाले आणि यानातून पुन्हा खेळणे!

‘‘म्हणजे त्यांनी मिळेल ते चिकटवले?’’ चिरंजीवांनी विचारले.

‘‘आपण किल्ल्याला विटा, गोणपाट, फुटकी मडकी लावत होतो, तसेच.’’

तो हसला. किल्ला करून आम्हांला पाच दिवाळ्या लोटल्या होत्या.

भाग कापण्याची एक रीत आहे. एकदम मुळाशी कापायचे नाही. आधी थोडा देठ राखून भाग सोडवायचा, मग उरलेला देठ हलकेच छाटायचा. घाई केली तर प्लास्टिक ताणून पांढरा डाग पडतो. हे सारे मी त्याला समजावून सांगितले आणि पहिला भाग मोठ्या ऐटीत स्वतःच कापला. चष्मा सावरेपर्यंत कातरी सरकली. पांढरा डाग!

‘‘असू द्या, बाबा. हा भाग खालच्या बाजूला जाईल,’’ म्हणत त्याने कातरी माझ्या हातातून घेतली. दुसरा भाग त्याने असा सोडवला की देठ कुठे होता ते सापडू नये. हात स्थिर होण्याची वाट मी पाहत बसलो होतो. त्याचा कधीच झाला होता. माझाच तेवढा ढळू लागला होता.

बंद खोक्याचे मोल अर्थातच संपले. स्नेह्याला अजून सांगितलेले नाही. रोज रात्री जेवणे आटोपली की तासभर बसायचे, असे ठरले आहे. तो कापतो, मी आकडे वाचून भाग शोधून देतो. सौभाग्यवती चकलीची बशी ठेवून बजावतात, ‘‘तेलाचे हात लावू नका!’’

जूनपर्यंत यान पुरे होईल. पण मी भाग शोधायला जरा जास्तच वेळ लावतो, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसते. तो काही बोलत नाही.