काउंट शून्यही मोजतो

ऑर्डरच्या टेबलात दहा ओळी आहेत. त्यातल्या चार ऑर्डर रद्द झाल्या, प्रत्येकी ५०० रुपयांच्या. एकूण किती आणि रद्द किती, हे एकाच क्वेरीत शेजारी-शेजारी हवं असेल तर एसक्यूएलमध्ये अ‍ॅग्रिगेट फंक्शनच्या कंसात ‘केस व्हेन’ लिहितात. घोटाळे होतात ते या कंसातच.

गैरसमज: अट जुळली तर १, नाहीतर ०, एवढं काउंटला दिलं की झालं.

उत्तर येतं दहा. कंसातून आलेली किंमत किती, हे काउंट पाहतच नाही. ती नल आहे की नाही, एवढंच पाहतो. शून्य काही नल नव्हे, म्हणून तीही ओळ मोजली जाते. एकतर काउंटऐवजी सम वापरा, नाहीतर ‘एल्स ०’ काढून टाका; एल्स नसला की केस आपोआप नल देतो. एरर येत नाही, त्यामुळे ही चूक रिपोर्टात बिनबोभाट मुरते.

सरासरीत ‘एल्स ०’ जास्तच महागात पडतो. रद्द ऑर्डरची सरासरी ५०० रुपये. पण एव्हीजीच्या कंसात तो घातला की बाकीच्या सहा ओळीही शून्य म्हणून भागाकारात शिरतात आणि उत्तर येतं २००. एल्स लिहायलाच हवा, ही सवय इथे मोडलेली बरी.

गैरसमज: अशी मोजणी व्हेअरनेही होते.

शहरवार ग्रुप बाय करून व्हेअरमध्ये ‘रद्द’ची अट टाकून पाहा. जिथे एकही ऑर्डर रद्द झाली नाही, ते शहर यादीतूनच गायब होतं. सम आणि ‘एल्स ०’वाल्या केसने ते ० सह दिसतं. मात्र फक्त रद्द ऑर्डरच हव्या असतील आणि अटीतल्या कॉलमवर इंडेक्स असेल, तर व्हेअरच योग्य; उगाच सगळं टेबल कशाला वाचायचं?

गैरसमज: फिल्टर सगळीकडे चालतो.

अ‍ॅग्रिगेटला केसशिवाय अट जोडणारी ‘फिल्टर’ ही सुटसुटीत रचना एसक्यूएल:२००३ या मानकातली. पोस्टग्रेसमध्ये ती २०१४च्या ९.४ आवृत्तीत आली, एसक्यूलाइटमध्ये २०१९च्या ३.३०मध्ये. मायएसक्यूएलमध्ये ती नाही. तिथे समच्या कंसात थेट अटच लिहितात, कारण खरी अट म्हणजे १ आणि खोटी म्हणजे ०. पोस्टग्रेसमध्ये हाच शॉर्टकट एरर देतो. दोन्हीकडे चालणारी क्वेरी हवी असेल तर केसच बरा.

आणि टेबल रिकामं असेल तर काउंट ० देतो, सम मात्र नल. रिपोर्टात ० दिसायला हवा असेल तर समभोवती कोअलेस लावा.